समईची वात मेणात चालत नाही

घरच्या घरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काकू, महाबळेश्वरला गेलो होतो तेव्हा एका मधपाळाकडून मधमाशीचं अर्धा किलो मेण आणलं. मैत्रिणीकडे पॅराफिनच्या मेणबत्त्यांची कृती होती, तशाच केल्या. घरात समईच्या वाती होत्या, त्याच घातल्या. दिसायला सुरेख झाल्या, पण पेटवलं की ज्योत मुगाच्या दाण्याएवढी राहते, मधोमध खड्डा पडतो आणि थोड्या वेळात विझते. मेणात भेसळ असेल का?
*– एक वाचक, विश्रामबाग, सांगली*

उत्तर : बिचाऱ्या मधपाळावर लगेच आळ नको. आधी वात बदलून बघा.

मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. साध्या मेणबत्तीतलं पॅराफिन बहुधा त्याच्या आधीच पातळ होतं. शिवाय आपलं मेण वितळल्यावरही दाटसर असतं, वातीतून सरसर चढत नाही. समईची वात हाताने वळलेली, सैल. ती तेलासाठी आहे. तिच्यातून मेण वर येतं ते ज्योतीला पुरत नाही. ज्योत लहान, म्हणून भोवतालचं मेण वितळत नाही. मेण वितळत नाही, म्हणून ज्योत आणखी लहान. शेवटी खड्ड्यात बुडून विझते.

इथे वेणीसारखी विणलेली, पॅराफिनच्या मेणबत्तीला लागते त्यापेक्षा जाड सुती वात हवी. विणलेल्या वातीचा गुण असा, की जळताना ती एका अंगाला वाकते. टोक ज्योतीच्या बाहेर येतं आणि तिथे त्याची राख होते, काजळीची गाठ साठत नाही. मेणबत्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात चौकोनी विणीची तयार वात मिळते. घरी करायची तर न रंगवलेला पांढरा सुती दोरा घ्या, पॉलिस्टरचा धागाही मिसळलेला नको, आणि तीन पदरी घट्ट वेणी घाला. एक कप कोमट पाण्यात एक मोठा चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे टाकणखार विरघळवून वात त्यात रात्रभर भिजवा, मग कडकडीत वाळवा. (टाकणखाराचं पाणी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.) वाळलेली वात वितळलेल्या मेणात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा आणि बाहेर काढून सरळ ताणून धरा.

जाडी तुमच्या साच्यावर ठरते. एकाच मापाच्या तीन मेणबत्त्या तीन जाडीच्या वाती घालून करा आणि तासभर जाळून बघा. खड्डा पडला तर वात बारीक. धूर आला, मेण ओघळलं तर जाड. वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचलं आणि ज्योत शांत राहिली, ती तुमची वात.

फसलेल्या मेणबत्त्या फेकू नका. त्याच वितळवा, पण या वेळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घ्या. मेणात परागकण, माश्यांनी आणलेली राळ, मधाचा अंश राहिला तर चांगली वातही तुंबते. मेणाचं भांडं कधीही थेट गॅसवर ठेवू नका. पाण्याच्या पातेल्यात ठेवूनच वितळवा. चुकून पेट घेतलाच तर झाकण घाला, पाणी अजिबात नाही. आणि उरलेलं मेण मोरीत ओतू नका, पाइपात घट्ट बसलं की प्लंबरलाच बोलवावं लागतं.

प्रश्न : आमच्या विहिरीवरच्या पिंपळाला आग्या मोहोळ होतं. माश्या उठून गेल्यावर रिकामं पोळं उतरवलं. आजीच्या पितळी पातेल्यात बोअरच्या पाण्यात खळाखळा उकळलं, तर वर हिरवट, स्पंजासारखा थर आला. हे मेण वाया गेलं का?
*– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, वडूज*

उत्तर : माश्या गेल्यावर पोळं उतरवलंस, हे फार बरं केलंस. रात्री टेंभा लावून मोहोळ जाळणारे अजून आहेत, आणि पुढच्या वर्षी माश्या का येत नाहीत असं तेच विचारतात.

पितळेतल्या तांब्याने मेणाचा रंग बदलतो. लोखंडी भांड्यानेही काळवंडतं, म्हणून स्टीलचंच पातेलं घे. स्पंज झाला तो पाण्यामुळे आणि उकळीमुळे. तुमच्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार मेणातल्या आम्लांशी जुळले की साबणासारखं काहीतरी होतं, आणि उकळीने तो सगळा फेस मेणात मिसळतो. तू विज्ञानाची, तुला हे पटेल. साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम, नसेल तर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घाल.

तोच थर फोडून सुती फडक्याच्या पोटलीत बांध, पोटलीवर धुतलेला दगड ठेव म्हणजे ती तळाशी राहील. मंद आचेवर पाणी नुसतं वाफाळू दे. मेण गळून वर येईल. आच बंद केलीस की पातेलं घोंगडीत गुंडाळून रात्रभर तसंच ठेव; सावकाश निवलं की गाळ खाली बसतो. सकाळी चकती अलगद सुटेल. तिच्या तळाचा करडा थर सुरीने खरवड आणि हेच पुन्हा कर. पोळ्याचा अळ्या वाढलेला काळा भाग असेल तर मेण थोडंच मिळणार, कारण तिथल्या कोषांच्या साली ते शोषून धरतात. हिरवी छटा मात्र बहुधा पूर्ण जाणार नाही. तसल्या मेणाची मेणबत्ती नको असेल तर शिवणाचा दोरा त्यावरून ओढून घ्यायला ठेव.

प्रश्न : कपाटातल्या मेणबत्त्यांवर पांढरी भुकटी धरली. बुरशी का?
*– कोरेगाव*

उत्तर : नाही. मधमाशीच्या मेणावर थंडीत अशी साय येतेच. मऊ फडक्याने पुसा.

प्रश्न : या मेणबत्त्यांनी घरातली हवा शुद्ध होते असं ऐकलं. आणि साचा विकतचाच लागतो का?
*– मेढा*

उत्तर : हवा शुद्ध होत नाही. जळणारी कुठलीही वस्तू हवेत काहीतरी सोडतेच. मंद वास छान येतो, तेवढ्यासाठी जरूर लावा, खिडकी किलकिली ठेवून.

साचा परसातच मिळेल. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. सरळसा तुकडा कापा, खालचं तोंड ओल्या मातीने बंद करा, वरच्या तोंडावर आडव्या ठेवलेल्या काडीला वात बांधून मधोमध ताणून धरा. मेण ७० अंशांच्या आसपास आलं की ओता. त्याहून फार तापलेलं ओतलंत तर निवताना जास्त आक्रसतं आणि मध्ये भेग पडते. तुमच्याकडे थंडीत संध्याकाळी हवा झपाट्याने गारठते, तेव्हा ओतल्यावर देठ फडक्यात गुंडाळून ठेवा. दुसऱ्या दिवशी साल उभी चिरून काढा. देठ बारीक असला तर वातही त्या मानाने बारीक घ्या.