मासेमारीच्या स्पिनिंग रीलचा ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी ताण ठेवून सोडणारा ब्रेक) झटके देत सुटतो, काय करावं?

मासा ओढ घेताना दोरी सरसर न जाता अडकत सुटत असेल, तर बहुतेक ड्रॅगच्या चकत्या कोरड्या पडल्यात किंवा त्यांत मीठ धरलंय. पुढची नॉब काढा, स्पूलमधली (दोरी गुंडाळलेल्या चकरीतली) तारेची क्लिप सोडवा आणि चकत्या निघतील त्याच क्रमाने फडक्यावर मांडा. हा क्रम फार सांभाळा, चुकला तर ड्रॅग नीट धरत नाही. पुसून फेल्ट किंवा कार्बनच्या चकत्यांना ड्रॅगचंच ग्रीस अगदी पातळ चोळा. गंज सोडवायचा स्प्रे तिथे नकोच. १० किलो ताण सोसणाऱ्या दोरीला ड्रॅग अडीच-तीन किलोवर ठेवा, हुकाच्या वजनकाट्याला दोरी बांधून ओढून बघा. समुद्रावरून आल्यावर नॉब आवळून गोड्या पाण्याने हलकं धुवा आणि वाळल्यावर सैल करूनच ठेवा.