प्रश्न तुमचे: वीस तासांची रेघ

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात मी १९ वर्षं काम केलं. त्यामुळे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांची आणि त्यांच्या पालकांची पत्रं संपादकांनी माझ्याकडे पाठवली आहेत. या वेळी त्यातली तीन घेते.

प्रश्न: ताई, मी टेक्सासमध्ये कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस करते आहे. पहिलंच सेमिस्टर आहे. डायनिंग हॉलमध्ये आठवड्याला १२ तास काम करते, पण भाडं आणि कर्जाचा हप्ता त्यात भागत नाही. माझी रूममेट शनिवार-रविवार एका किराणा दुकानात जाते. तिथले काका मलाही बोलावताहेत. म्हणतात, "तासाला १० डॉलर रोख देईन, कागदावर काही येणार नाही. पैसे नको असतील तर नुसतं काम शीक आणि घरचा किराणा घेऊन जा." सगळेच करतात म्हणे. करू का?

उत्तर: नको करूस. तुझी ओढाताण मला कळते, म्हणूनच आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते.

पहिलं शैक्षणिक वर्ष पूर्ण होईपर्यंत कॅम्पसबाहेर काम करायची मुभा एफ-१वर नसते. ज्या अभ्यासक्रमात पहिल्या दिवसापासून प्रत्यक्ष प्रशिक्षण सक्तीचं असतं, तेवढा अपवाद आहे. तुझा तसा दिसत नाही. पगार बँकेत जमा झाला काय किंवा हातावर ठेवला काय, काम ते कामच. किराणा हाही मोबदलाच झाला. आणि ज्या कामाला एरवी माणूस पगार देऊन ठेवतात, ते फुकट केलं म्हणून ती स्वयंसेवा होत नाही. अन्नछत्रात वाढायला जा, त्याला कुणाची हरकत नाही. दुकानाच्या गल्ल्यावर मात्र उभी राहू नकोस.

मी इतकं ठामपणे सांगते याला कारण आहे. आजारपणामुळे एखाद्याचे क्रेडिट कमी पडले आणि स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून तिथे राहण्याची कायदेशीर स्थिती, गेलं, तर ते परत मिळवण्यासाठी रीइन्स्टेटमेंटचा अर्ज करता येतो. असे अर्ज मी मुलांबरोबर बसून भरले आहेत. बिनपरवाना काम केलेल्याला तो रस्ता नियमानेच बंद आहे.

एक मुलगा आठवतो. गॅस स्टेशनवर रात्रपाळी करायचा. मालकाने सहा आठवड्यांचे पैसे बुडवले, म्हणून माझ्याकडे आला. हातात एक छोटी वही होती आणि तीत तारखा आणि तास बॉलपेनने ओळीने लिहिलेले. त्याने वही उघडली आणि मी त्याला थांबवलं. म्हटलं, "बाळा, पुढे बोलू नकोस. मी डीएसओ आहे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी विद्यापीठाची अधिकारी. स्टेटस मोडल्याचं कळलं की मला ते सेव्हिस या सरकारी नोंदणीत नोंदवावं लागतं. आधी इमिग्रेशन वकिलाकडे जा, तुझं बोलणं तो गुप्त ठेवू शकतो, मी नाही." त्याने वही मिटली, पण उठायला त्याला बराच वेळ लागला. केलेल्या कामाची मजुरी मागायचा हक्क कायद्याने त्यालाही होता. पण तक्रार करायची म्हणजे आपल्याच हाताने आपलं नाव कागदावर घालायचं, हे त्या मालकाला पक्कं ठाऊक होतं. रोखीने काम देणाऱ्या काकांच्या चांगुलपणाबद्दल मुलं मला सांगतात, तेव्हा मला ती वही दिसते.

आता तुला काय करता येईल ते बघू. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं. तुझे १२ तास भरलेत, म्हणजे कॅम्पसवरच अजून ८ तास शिल्लक आहेत. लायब्ररी, जिम, लॅब, ट्युटरिंग सेंटर, सगळीकडे स्वतः जाऊन विचार. नुसते ऑनलाइन अर्ज टाकून बसू नकोस. पण ही मर्यादा सगळ्या नोकऱ्या मिळून २० तासांची आहे. असिस्टंटशिप मिळाली तर तिचे तासही त्यातच धरतात. डायनिंग हॉलचे १२ आणि लायब्ररीचे ९ अशा दोन वेगळ्या टाइमशीट भरणारी मुलगी मी पाहिली आहे. दोन्ही सुपरवायझरांनी सह्या केल्या होत्या, बेरीज कुणीच केली नव्हती. ती आपली आपणच करायची. या आठवड्यात १६ झाले म्हणून पुढच्या आठवड्यात २४, असंही चालत नाही. डिसेंबरच्या सुट्टीत मात्र पुढच्या सेमिस्टरला तू शिकणार असशील तर कॅम्पसवर पूर्णवेळ काम करता येतं. त्या दिवसांच्या पाळ्या आत्ताच मागून ठेव.

वर्ष पूर्ण झाल्यावर आणखी एक वाट उघडते. खर्च उचलणारं माणूस आजारी पडलं किंवा चलनाचा दर फार घसरला, असं अचानक, आपल्या हाताबाहेरचं संकट आलं तर आर्थिक अडचणीच्या कारणावरून कॅम्पसबाहेर कामाची परवानगी यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे मागता येते. त्यासाठी आय-७६५ फॉर्म भरायचा. परवानगीचं कार्ड हातात येईपर्यंत काम सुरू करायचं नाही.

प्रश्न: मुलाचं एमएसचं पहिलं वर्ष झालं. न्यू जर्सीत उन्हाळ्यासाठी इंटर्नशिप मिळाली आहे. सीपीटीचा, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करायच्या परवानगीचा, अर्ज विद्यापीठात दिलाय, पण कंपनी म्हणते सोमवारपासूनच या, कागद मागून येतील. ऑफर लेटर तर आहेच. जाऊ दे का? — एक आई

उत्तर: नाही. ऑफर लेटर म्हणजे कंपनीची तयारी, परवानगी नव्हे. मुलाला आजच फोन करा आणि विद्यापीठाकडून मिळणाऱ्या नवीन आय-२० या प्रमाणपत्राचं दुसरं पान उघडायला सांगा. सीपीटी तिथे छापून येतं: कंपनीचं नाव, अर्धवेळ की पूर्णवेळ, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. त्या तारखेच्या आधी एक दिवससुद्धा नाही. "नुसतं ट्रेनिंग आहे, घरी बसून व्हिडिओ बघायचेत" असं कंपनी म्हणेल, तर तेही कामच आहे. रुजू होण्याची तारीख पुढे ढकलावी, अशी साधी ईमेल त्याने एचआरला पाठवावी. बहुतेक ठिकाणी हे मान्य होतं.

एक हिशोब मात्र त्याने पहिल्यापासून ठेवावा. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून जास्त झालं, की त्या पदवीवरची ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची परवानगी, गेली. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांनी काही बिघडत नाही. कंपनी "आणखी थोडं थांब" म्हणत राहते आणि महिने साठत जातात, तेव्हा घोळ होतो. शिक्षण संपल्यावरची वर्षभराची ओपीटी आणि स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित, विषय असेल तर त्यापुढची २४ महिन्यांची मुदतवाढ, हे सगळं त्या मोजणीवर अवलंबून आहे.

प्रश्न: माझ्या कॅम्पस जॉबच्या पे-स्लिपवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर असे दोन आकडे कापलेले दिसतात. मी अमेरिकेत येऊन दीडच वर्ष झालंय. बरोबर आहे का?

उत्तर: बहुधा चुकून कापले गेलेत. एफ-१वरचे विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी अनिवासी धरले जातात आणि अधिकृत कामाच्या पगारातून हे दोन कर त्यांना लागत नाहीत. दोन्ही मिळून ७.६५ टक्के होतात, म्हणजे थोडेथोडके नाहीत. फेडरल इन्कम टॅक्स वेगळा, तो कापला जाईल.

आधी पेरोलमध्ये पासपोर्ट, आय-२० आणि देशात आल्याची नोंद असलेला आय-९४ घेऊन जा आणि पैसे परत करायला सांग. त्यांनी नाहीच दिले, तर आयआरएस या अमेरिकेच्या कर खात्याकडे फॉर्म ८४३ आणि त्याच्यासोबत फॉर्म ८३१६ भरून मागता येतात. त्यासाठी सगळ्या पे-स्लिप आणि डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराच्या पगाराचं आणि कापलेल्या कराचं पत्रक, जपून ठेव.