वेस्टमिन्स्टरमध्ये (ब्रिटिश संसदेत) खासदाराकडे इंटर्न म्हणून जाताना

अभिनंदन! पहिल्या आठवड्यात बावरायला होईल, ते साहजिक आहे. सुरुवातीला एवढं सांभाळ:

१. व्हिसा. स्टुडंट व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि बिनपगारी कामही त्यात मोजलं जातं. तास रोज लिहून ठेव. सुरक्षा तपासणीला वेळ लागतो, कागदपत्रं लवकर दे.

२. मतदारसंघाची पत्रं. नवख्यांची चूक इथेच होते. बुधवारी दुपारी १२ वाजता पंतप्रधानांना प्रश्न विचारले जातात, सगळ्यांचं लक्ष तिकडे. पण खासदाराच्या कार्यालयाचा मोठा भार घर, भत्ते, व्हिसा यांच्या तक्रारींचा असतो. एक पत्र नीट वाचून मुद्देसूद उत्तराचा मसुदा केलास, की तुझ्यावर विश्वास बसतो. मला संसद कळली ती या पत्रांतूनच. त्यातलं अक्षरही बाहेर बोलायचं नाही, अगदी जवळच्या मित्रांतही नाही.

३. हॅन्सार्ड, म्हणजे संसदेतल्या भाषणांची अधिकृत नोंद, रोज थोडं वाच.

मतदानाची घंटा वाजली की खासदारांच्या हाती ८ मिनिटं असतात. तेव्हा प्रश्न विचारून वाट अडवू नकोस. परीक्षा आणि निबंधांच्या तारखा कार्यालयात पहिल्याच दिवशी सांगून टाक. संसदीय प्रक्रियेचे जाडजूड ग्रंथ सध्या राहू देत.