तापलेला ट्रान्सफॉर्मर: व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवाल्यांचे प्रश्न

प्रश्न (मिरज): माझ्याकडे दोन ईएल३४ व्हॉल्व्हचा ५० वॅटचा गिटार अ‍ॅम्प आहे. अर्ध्या तासात पॉवर ट्रान्सफॉर्मरवर हात ठेववत नाही. वाइंडिंगवाले म्हणतात, 'जळत आलाय, भरून घ्या,' म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळून घ्या. भरून घेऊ का?

थांबा, एवढ्यात नको. लोखंड ६० अंशांना पोचलं की त्यावर हात टिकत नाही, आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा धडधाकट ट्रान्सफॉर्मरसुद्धा तासाभरात तिथवर जातो. हाताला चटका बसला एवढ्यावर निदान करू नका, तांब्यालाच विचारा. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स ठरलेल्या हिशोबाने वाढतो.

सकाळी अ‍ॅम्प गार असताना प्लग भिंतीतून काढा, अ‍ॅम्पचा स्विच चालू ठेवा आणि प्लगच्या (अर्थची सोडून) दोन पिनांवर प्रायमरीचा, म्हणजे विजेकडच्या वाइंडिंगचा, रेझिस्टन्स मोजा. मग तासभर वाजवा, प्लग काढून लगेच पुन्हा मोजा. समजा, खोलीत २८ अंश असताना १० ओहम आले आणि नंतर ११.६. गरमचा आकडा गारच्या आकड्याने भागा, आलेल्या १.१६ ला २६२.५ ने (२३४.५ अधिक खोलीचे २८) गुणा आणि त्यातून २३४.५ वजा करा. उत्तर ७० अंश. खुशाल वाजवा. पण १२.४ ओहम आले, तर आतली सरासरी ९१ अंश झाली आणि मधले थर त्याहून तापलेले असणार. जुन्या कागदी इन्सुलेशनची मर्यादा १०५ अंशांची असते. तिथे मात्र हात घालायलाच हवा.

आधी जिवाचं. आत ४५०च्या आसपास डीसी व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते मोठ्या कंडेन्सरमध्ये राहतात. इन्सुलेटेड क्लिपा लावलेला १० किलो-ओहम, १० वॅटचा रेझिस्टर घेऊन कंडेन्सर रिकामे करा, मीटरने शून्य बघा, मगच बोट आत. हे करायला मन घेत नसेल तर अ‍ॅम्प जाणत्याकडे द्या, त्यात कमीपणा काही नाही.

आता सगळे व्हॉल्व्ह काढा आणि ६० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या सिरीज बोर्डावर (वीज बल्बमधून होऊनच पुढे जाते असा बोर्ड) अ‍ॅम्प लावा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बल्ब क्षणभर चमकून मंदावला, तर ट्रान्सफॉर्मर बहुतेक निर्दोष. लोड नसताना व्होल्टेज चढतं, म्हणून अ‍ॅम्प असा फार वेळ चालू ठेवू नका. बल्ब लख्ख पेटून राहिला तर सेकंडरीच्या, म्हणजे आत वीज देणाऱ्या वाइंडिंगच्या, तारा सोडवा. त्या सुटल्यावर बल्ब विझला, तर दोष पुढे आहे, बहुतेक वेळा एखादा डायोड शॉर्ट झालेला सापडतो. सगळं सोडूनही बल्ब लख्खच राहिला, तर आत वेढे शॉर्ट झालेत. तेव्हा तुमचे वाइंडिंगवाले बरोबर.

ट्रान्सफॉर्मर पास झाला तर व्हॉल्व्ह लावून बायस, म्हणजे न वाजवता व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट, मोजा. प्रत्येक ईएल३४ च्या कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावरचा एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर. ईएल३४ ची प्लेट २५ वॅट सोसते. न वाजवता तिच्यावर ७० टक्के, म्हणजे साडेसतरा वॅट ठेवावेत. ४५० व्होल्टला ते ३९ मिलिअँपिअर होतात. तुमच्याकडे ६० दिसले तर प्रत्येक व्हॉल्व्ह नुसता बसल्या बसल्या २७ वॅट खातोय आणि त्याचा भार ट्रान्सफॉर्मर वाहतोय. खोलीत अंधार करून बघा, प्लेट लालसर दिसूही शकेल. कारण बहुधा दोन रुपड्यांच्या मालात असतं: गळका कपलिंग कंडेन्सर, किंवा बायसच्या लाइनवरचा वाळलेला छोटा इलेक्ट्रोलिटिक. एका अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर मी नवा भरून बसवला आणि महिन्याभरात तोही तितकाच तापला. गळत होता तो कपलिंग कंडेन्सर. तेव्हापासून कुणी 'भरून द्या' म्हटलं की मी आधी बायस मोजतो.

तुम्ही सतार-तंबोऱ्यांच्या मिरजेचे, तेव्हा कानावर विश्वास ठेवा. जवारीची झणझण आणि सैल बोल्टची खरखर यांतला फरक तुम्हाला सांगायला नको. कोअरच्या (लोखंडी गाभ्याच्या) पत्र्या खरखरत असतील तर वीज काढून बोल्ट आवळून बघा. पण आवाज जाड आणि घुमणारा असेल तर डायोड आधी तपासा.

प्रश्न (तासगाव): आवाज वाढावा म्हणून दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह काढून त्याच सॉकेटात ईएल३४ बसवले. वाजतंय छान, पण वास येतोय.

आजच काढा. सॉकेटात बसतं म्हणून ट्रान्सफॉर्मरला पेलतं असं नाही. ६व्ही६ चा हीटर ०.४५ अँपिअर घेतो, ईएल३४ चा दीड. तीन छोटे १२एएक्स७ व्हॉल्व्ह धरून तुमची ६.३ व्होल्टची वाइंडिंग पूर्वी १.८ अँपिअर देत होती, आता ३.९ देतेय. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्या वाइंडिंगमध्ये जवळजवळ पावणेपाच पट. वर प्लेटचा करंट वाढला तो वेगळाच, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही ६व्ही६ साठीच बेतलेला. मोठा आवाज हवा असेल तर जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर लावा. स्पीकर ३ डेसिबलने वरचढ असला की कानाला वॅट दुप्पट केल्यासारखंच पडतं.

प्रश्न (सातारा): भावाने अमेरिकेहून १२० व्होल्टचा अ‍ॅम्प आणला. स्टेपडाउन लावलाय, तरी ट्रान्सफॉर्मर भाजतो, रात्री तर जास्तच.

स्टेपडाउन व्होल्ट बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेत ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०. तेवढ्याच व्होल्टला कोअरमधला फ्लक्स २० टक्क्यांनी वाढतो. कोअर आखडता बनवलेला असेल तर तो सॅच्युरेट होतो, प्रायमरी भलता करंट ओढते आणि अ‍ॅम्प न वाजवताही तापतो. मागच्या पट्टीवर ५०/६० छापलंय का, ते बघा. नुसतं ६० असेल तर ५० हर्ट्‌झचा, २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर करून घेणं हाच खरा उपाय. व्होल्टेज १०० वर उतरवून कोअर वाचतो, पण हीटरला सव्वापाचच व्होल्ट मिळतात आणि व्हॉल्व्ह उपाशी राहतात. रात्रीचं म्हणाल तर शेतीपंप बंद पडल्यावर लाइन चढते. एकदा रात्री अकराला मोजा. २५० च्या वर दिसली तर स्टॅबिलायझर घ्या.

प्रश्न (सांगली): २०१९ च्या महापुरात वडिलांचा ऑर्केस्ट्राचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प दोन दिवस पाण्यात होता. तेव्हापासून माळ्यावर आहे. कोरडा दिसतो. एकदा लावून बघू का?

कृपा करून लावू नका. कृष्णेचा गाळ कोरडा झाला तरी त्यातले क्षार पावसाळ्याच्या हवेतला ओलावा धरून ठेवतात, आणि वाइंडिंगमधला कागद तो पितो. एका क्षणात ठिणगी पडेल आणि जे वाचलं असतं तेही जाईल.

ट्रान्सफॉर्मर सोडवून काढा, तारांना चिठ्ठ्या बांधा, गाळ स्वच्छ पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. मग पत्र्याच्या पेटीत पिवळा बल्ब लावून ७० ते ८० अंशांत दोन-तीन दिवस ठेवा. आत थर्मामीटर असू द्या, अंदाजावर नको. गार झाल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) प्रत्येक वाइंडिंग ते कोअर आणि वाइंडिंग ते वाइंडिंग मोजा. एक मेगओहमच्या खाली असेल तर तो वापरायचाच नाही. मी स्वतः ५० च्या वर गेल्याशिवाय सिरीज बोर्डालाही लावत नाही. नुसता ट्रान्सफॉर्मर बोर्डावर काही तास बिनलोड ठेवल्यावर बल्ब मंद आणि कोअर कोमट राहिला, तरच पुढे जा. कंडेन्सर मात्र सगळे नवे घाला.

मेगरने नकार दिला तर भरून घ्या, पण जुनी वाइंडिंग फाडून फेकू देऊ नका. समोर बसून प्रत्येक थराचे वेढे मोजायला सांगा, तारेचा गेज मायक्रोमीटरने बघा, ते सगळं वहीत उतरवा. कोअर आणि वरची टोपी जुनीच ठेवता येते, वडिलांच्या हाताखालची.