आईच्या खुब्याच्या वाटीला प्लेट आणि मांडीत रॉड आहे, सहा आठवडे झाले. आता पाय टेकवून चालवू का? (कोरेगाव, सातारा)

नाही, नुसते सहा आठवडे झाले म्हणून पूर्ण भार देऊ नका. आधी एक्स-रे काढून सर्जनकडून 'किती भार' हे स्पष्ट विचारून घ्या. मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. मांडीतल्या रॉडवर भार बरेचदा लवकर देता येतो, पण खुब्याच्या वाटीला साधारण 6 ते 12 आठवडे जपतात. दोन्ही असतील तर वाटीचाच नियम पाळायचा. परवानगी मिळाली की वजनकाटा घ्या. वॉकर धरून ऑपरेशनचा पाय काट्यावर, दुसरा तेवढ्याच उंचीच्या पाटावर. सर्जनने पाव भार सांगितला आणि वजन 60 किलो असेल, तर काट्यावर 15 किलो दिसले पाहिजेत. तेवढा दाब अंगवळणी पडेपर्यंत रोज करा. नुसतं 'थोडंसं टेकवा' म्हटलं की माणूस नकळत जास्तच टेकवतो. उकिडवं बसणं सध्या बंद, कमोडची खुर्ची आणा. घोटा वरखाली हलवणं मात्र आजपासून चालू ठेवा. पोटरी सुजून दुखली किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा. मधुमेह असेल किंवा मिश्री चालू असेल तर हाड उशिरा भरतं, मग हे आठवडे वाढू शकतात. मिश्री तेवढी सोडवाच.