छोट्याशा तांत्रिक प्रश्नावर ऑनलाइन वाद इतके का लांबतात?

कारण छोट्या प्रश्नावर बोलायला प्रत्येकाकडे काहीतरी असतं. ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1957 मध्येच हे मांडलं होतं: समिती अणुभट्टीचा खर्च मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर घोळ घालत बसते.

आमच्या जालन्याकडं शेतकऱ्यांच्या ग्रुपवर 'ठिबकला स्क्रीन (जाळीचा) फिल्टर बसवू की डिस्क (चकत्यांचा)?' एवढं कुणी विचारलं की रात्री उशिरापर्यंत मेसेज पडत राहतात. खरं तर दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात. शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ असतं, तिथं डिस्क किंवा वाळूचा फिल्टर लागतो. बोअरमधून वाळू येत असेल तर आधी हायड्रोसायक्लोन (पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी काढणारा फिल्टर), मग स्क्रीन. पण पाणी कुठलं हेच कुणी सांगत नाही, जो तो आपल्या रानातला अनुभव सगळ्यांना लावतो. त्यात एवढ्या लोकांसमोर माघार घेणं जड जातं.

मे महिन्यात मोसंबीची बाग कशी जगवायची, असं विचारलं तर मात्र सगळे गप्प. याची मला फार खंत वाटते.

म्हणून फिल्टरच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी विचारा, पाणी बोअरचं की शेततळ्याचं? आणि फिल्टर उघडून जाळीत काय अडकलंय, त्याचा फोटो मागा.