वाळवंटी ग्रहावरच्या रोलप्लेइंग गेममध्ये पात्रांचे कपडे कसे असावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्रांचा गट विज्ञानकथेचा रोलप्लेइंग गेम (प्रत्येकाने एक पात्र होऊन खेळायचा कथेचा खेळ) खेळतो, कथा वाळवंटी ग्रहावर घडते, हवा श्वास घेण्याजोगी आहे पण पाणी जवळजवळ नाही. पात्रांचे कपडे शास्त्राला धरून हवेत आणि गेमच्या नियमांतही बसायला हवेत. शिवाय घाम, श्वास, लघवी सगळं गोळा करून परत प्यायला देणारा बंद सूट चालेल का, हेही तुम्ही विचारलंय.

मी सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे आणि रविवारी रात्री आमच्या गटाचा गेम मास्टर, म्हणजे कथा आणि नियम चालवणारा. या दोन्ही कामांतून माझं एक मत पक्कं झालंय. वाळवंटातला कपडा म्हणजे पाणी आणि उष्णता यांच्यातला सौदा. पाणी वाचवायला गेलात की अंग तापतं, अंग थंड ठेवायला गेलात की पाणी जातं. हा सौदा तुम्ही आधीच मिटवून खेळाडूंच्या हातात तयार सूट दिलात, तर वाळवंट नुसता पडदा होऊन मागे लटकतो. सौदा त्यांनाच करू द्या, दर तासाला.

बंद सूटपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यांना पहिला तोच सुचतो. घामाने अंग थंड होतं ते घाम वाळतो म्हणून. एक लिटर घाम वाळताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तीच वाफ सूटच्या आत पकडून तिचं परत पाणी केलं, की तेवढीच उष्णता सूटच्या आत परत येते. पाणी हाती लागलं, थंडावा मात्र गेला. पाठीवर ओझं घेऊन वाळूतून चालणाऱ्या माणसाच्या अंगात सुमारे ४०० वॉट उष्णता तयार होत असते. ती बाहेर गेलीच नाही, तर सत्तर किलोच्या माणसाचं अंग तासाला जवळपास सहा अंशांनी तापेल. अर्ध्या तासात ३७ वरून ४०, आणि त्यापुढे उष्माघात. यात वरून पडणारं ऊन मी अजून धरलेलंच नाही. बाहेरची हवा ४५ अंश आणि कातडी ३५ अंश असेल, तर उष्णता आपण होऊन बाहेर जात नाही, उलट आत येते.

खऱ्या अंतराळवीरांनाही यातून सुटका नाही. त्यांच्या सूटच्या आतल्या कपड्यात पाण्याच्या बारीक नळ्या फिरवलेल्या असतात, सगळ्या मिळून ९० मीटरच्या आसपास. त्या अंगाची उष्णता पाठीवरच्या यंत्राकडे नेतात, आणि ते यंत्र बाहेरच्या निर्वातात थोडं थोडं पाणी सोडून ती उष्णता घालवतं. म्हणजे तिथेही थंडावा पाणी खर्चूनच मिळतो. अंतराळ स्थानकावर ९८ टक्के पाणी परत मिळवण्याची मजल नासाने २०२३ मध्ये गाठली, पण त्यासाठी कपाटाएवढी यंत्रं लागतात, भरपूर वीज लागते आणि स्थानकाची उष्णता बाहेर टाकायला मोठाले रेडिएटर आहेत. हे सगळं तुमच्या पात्राच्या पाठीवर मावणार नाही. लघवी शुद्ध करायचं यंत्र तळावर ठेवा, सूटमध्ये नको. सूटला फक्त गोळा करण्याचं काम द्या.

मग बंद सूट गेममधून काढूनच टाकायचा का? अजिबात नको. त्याला उष्णता साठवायला जागा द्या. यासाठी मला सगळ्यात आवडणारी वस्तू म्हणजे मिठाची बंडी. ग्लॉबर सॉल्ट नावाचं एक मीठ आहे, सोडियम सल्फेटचंच पाणी धरलेलं रूप. ते ३२.४ अंशांना वितळतं, म्हणजे कातडीच्या तापमानाच्या थोडं खाली, आणि वितळताना किलोमागे सुमारे २५० किलोज्यूल उष्णता गिळतं. बंडीच्या कप्प्यांत असं पाच किलो मीठ भरलं, तर सूट पूर्ण बंद ठेवून पाऊण ते एक तास चालता येईल, किंवा सावलीत निवांत बसलात तर तीन तासांच्या वर निघतील. मग मीठ संपतं, म्हणजे सगळं वितळून जातं. ते परत गोठवायचं तर रात्र हवी. कोरड्या हवेत निरभ्र आकाशाखाली रात्री वाळवंट झपाट्याने थंड होतं, तेव्हा बंडी काढून उघड्यावर पसरायची. खेळाडूंना रात्रीच चालायचं असतं, आणि बंडी नेमकी रात्रीच पसरून ठेवावी लागते. गेम मास्टरला आणखी काय हवं?

आता उघड्या, सैल कपड्यांकडे येतो. हा माझा खरा विषय, म्हणून इथे जरा रेंगाळणार आहे.

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर असतो तेव्हा दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलला थांबून बघा. स्कूटीवरच्या बायका डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळलेल्या, वर गॉगल, अंगात लांब बाह्यांचा सुती सनकोट, हातांत मोजे. कोणीही अंग उघडं टाकून फिरत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शरीरक्रियाशास्त्रज्ञ ई. एफ. अ‍ॅडॉल्फ यांच्या गटाने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर मोजमापं केली, तेव्हाही हेच दिसलं: उन्हात उघड्या अंगाच्या माणसाचा घाम कपडे घातलेल्यापेक्षा जास्त जातो. कपडा ऊन आणि गरम हवा अडवतो, म्हणून शरीराला कमी घाम गाळावा लागतो. फक्त तो घाम वाळायला आत हवा खेळली पाहिजे. सैल सुती कपड्यातला माणूस म्हणजे चालता-फिरता कूलर. आणि कूलर सोलापुरात गारवा देतो, कोकणात नाही. त्यामुळे तुमच्या ग्रहावर एखादा समुद्र किंवा दमट दरी असेल, तर तिथे हेच कपडे निकामी ठरतील असा नियम बिनधास्त करा. खेळाडू पाण्याच्या ओढीने तिकडे धावतील आणि घाम वाळेनासा झाला की अडकतील.

रंगाचं काय, हे कोणी ना कोणी विचारणारच. १९८० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास छापून आला होता: वाळवंटातले बेदुइन, म्हणजे भटके अरब, काळे झगे का घालतात? काळा आणि पांढरा झगा घालून मोजलं, तर आतल्या माणसाला मिळणारी उष्णता सारखीच निघाली. काळं कापड जास्त तापतं हे खरं, पण झगा सैल असल्यामुळे ती जादा उष्णता कापड आणि कातडी यांच्यामधल्या हवेबरोबर निघून जाते, अंगापर्यंत पोचत नाही. तेव्हा तुमच्या टोळ्यांना हवा तो रंग द्या, पण घेर कमी करू नका. अंगाला चिकटणारे, चामड्याचे, पट्टे-पट्टे लावलेले पोशाख चित्रात छान दिसतात. त्या वेषात पात्र दुपारपर्यंत टिकणार नाही.

लोकर बघून नाक मुरडू नका. प्राण्यांच्या शरीरक्रियेचे अभ्यासक क्नूट श्मिट-नील्सन यांनी सहारात उंटाची लोकर कातरून पाहिली, तर त्याचा पाण्याचा खर्च दीडपटीच्या आसपास गेला. आमच्याकडे सांगोला, मंगळवेढ्याच्या माळावर धनगराच्या खांद्यावर भर उन्हाळ्यातही घोंगडी असते. दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर, वर चिंचोक्याची खळ दिलेली, त्यामुळे नवी घोंगडी चांगली ताठ राहते. तीच उन्हात डोक्यावर, पावसात खोळ करून, रात्री अंगावर आणि बसायला खाली. रात्री पारा कोसळतो अशा ग्रहावर पात्राला एकच जड वस्तू द्यायची असेल तर ही द्या. वादळात वाऱ्याकडे पाठ करून, घोंगडीची खोळ ओढून बसायचं आणि वादळ जाऊ द्यायचं.

अंगातल्या मुख्य कपड्यासाठी माझी निवड ठरलेली आहे: बाराबंदी, बंदांनी बांधायचा अंगरखा. जानेवारीत संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या अंगावर पांढरीशुभ्र बाराबंदी असते ना, तीच. मी ती नेहमी कटिंग मास्टरच्या नजरेनेच बघतो. एक पल्ला आत जातो आणि आतल्या बंदांनी बांधला जातो, दुसरा त्याच्यावरून येऊन बाहेरच्या बंदांनी. छातीवर दोन थर, मध्ये हवा. बगलेत कळी, म्हणजे कापडाचा जोडतुकडा, दिलेली असली की हात पूर्ण वर जातो आणि शिवण ताणत नाही. बटण नाही, चेन नाही. वाळूत चेन सगळ्यात आधी दगा देते, बारीक कण दातांत बसले की रनर जागचा हलत नाही. वेल्क्रोत धूळ भरली की तो धरत नाही. गाठ मात्र मोजे घातलेल्या हातानेही सुटते, आणि तुटलेला बंद कोणत्याही चिंधीचा करता येतो. गेमच्या दृष्टीने तर सोन्याहून पिवळं: वरचे बंद सोडले की हवा खेळते, सगळे आवळले की पाणी वाचतं. तुमचा 'उघडं की बंद' हा सौदा कपड्यातच शिवलेला आहे. विज्ञानकथा हवीच असेल तर बाहेरच्या पल्ल्याला वाफ अडवणारं अस्तर लावा, आत मिठाचे कप्पे द्या.

डोक्याला टोपी नको, कापड हवं, भरपूर लांब. सहारातल्या तुआरेग पुरुषांचा तागेलमुस्त, म्हणजे डोक्या-तोंडाला गुंडाळायचं कापड, कित्येक मीटर लांब असतो, आणि नाक-तोंड झाकणारा त्याचा पदर धूळ तर अडवतोच, श्वासातला थोडा ओलावाही धरून ठेवतो. डोळ्यांसाठी काच नसेल तर इन्युइट लोक बर्फात वापरतात तसा लाकडाचा किंवा हाडाचा फटीचा चष्मा द्या, उजेड कापायला बारीक आडवी फट पुरते.

पायांकडे मात्र नीट लक्ष द्या. वाऱ्याने उडणारी वाळू बहुतांश जमिनीलगत उड्या मारत जाते, तिचा मारा मुख्यतः गुडघ्याखाली बसतो. वर हवेत तरंगते ती धूळ. राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकात हे प्रयोगशाळेत हवेचा झोत सोडून अभ्यासलं होतं. म्हणून पोटऱ्यांना घट्ट विणीच्या कापडाच्या पट्ट्या आणि तोंडाला मऊ कापड, अशी विभागणी करा. भर उन्हात वाळूचा पृष्ठभाग ७० अंशांपर्यंत तापू शकतो, तेव्हा तळवा जाड हवा.

आता नियम. पाण्याचं माप अर्ध्या लिटरचं धरा आणि प्रत्येक पात्राला दोन आकडे द्या: पाणी आणि ताप. ताप म्हणजे अंगाचं तापमान, ते ३७ अंशांपासून सुरू. दर तासाला खेळाडूने दोनच गोष्टी सांगायच्या: चालतोय की बसतोय, बंद सोडलेत की आवळलेत. दिवसा बंद सोडून चालला तर दोन मापं पाणी जातं, ताप जागेवर राहतो. बंद आवळून चालला तर पाण्याचं अर्धं मापच जातं, पण मीठ शिल्लक असेतोवरच ताप जागेवर राहतो. मीठ संपल्यावर दर दहा मिनिटांना एक अंश चढतो. ३९ ला निर्णयाच्या फाशांवर दंड, ४० ला बरळणं आणि तोल जाणं, ४१ ला कोसळणं. रात्री चालण्याला अर्धं माप पुरे. सावलीत बसलेल्याला दिवसा तासाला एक माप. कपडा फाटला तर बंद आवळण्याचा पर्याय बाद, शिवेपर्यंत. त्यामुळे सुईदोरा येणाऱ्या पात्राला गटात मान मिळतो, आणि एका शिंप्याला हे लिहिताना फार बरं वाटतंय.

एक गोष्ट हटकून होईल: खेळाडू पाणी राखून ठेवतील. पिशवीत चार मापं आणि पात्र चक्कर येऊन पडलंय. अ‍ॅडॉल्फ यांच्या मोजमापांतून हेही दिसलं होतं की पाणी कमी प्यायल्याने घाम कमी होत नाही, माणूस फक्त लवकर सुकतो. तेव्हा पिशवीतल्या पाण्याला ताप उतरवायची ताकद देऊ नका, प्यायलेल्या पाण्यालाच द्या. पाणी चार-पाच दिवसांनी येणाऱ्या गावात वाढलेल्या आमच्या खेळाडूंना साठवायची सवय इतकी मुरलेली आहे, की हा नियम त्यांच्याकडून सगळ्यात जास्त वेळा मोडला जातो आणि त्यातूनच सत्रं रंगतात.

सुरुवातीच्या सामानात प्रत्येकाला बाराबंदी, डोक्याचं कापड, पायपट्ट्या आणि दहा मापं पाणी द्या. घोंगड्या दोघांत एक. मिठाची बंडी मात्र सगळ्या गटात मिळून एकच ठेवा, आणि ती कोणी घालायची हे पहिल्याच सत्रात, सूर्य उगवायच्या आत, त्यांनाच ठरवायला लावा.